विहिरीतली वाम

(स्वीडनचा दक्षिण किनारा, सप्टेंबर. एका जुन्या घराच्या स्वयंपाकघरात आल्गोत, त्याची थोरली बहीण सिग्ने आणि त्याची सून हिल्दुर कॉफी घेत बसली आहेत. हिल्दुरची लहान मुलगी तोवे जवळच खेळते आहे; तिच्यामुळे हिल्दुरही सासऱ्यांना आजोबाच म्हणते. खिडकीतून अंगणातली दगडी विहीर दिसते.)

आल्गोत : कोण येणार म्हणालीस?

हिल्दुर : झाकणवाला. गुरुवारी. सिमेंटचं अखंड झाकण, भोकसुद्धा नाही. माप मी त्याला कळवलंय.

आल्गोत : आणि दुसरा?

हिल्दुर : दुसरा बुधवारी. डेन्मार्कहून. टाकी घेऊन.

आल्गोत : टाकी कशाला?

सिग्ने : पाद्रीबाबाला न्यायला. तुला कळलंय, आल्गोत. उगाच तिच्या तोंडून वदवून घेऊ नकोस.

आल्गोत : म्हणजे माझ्या विहिरीतून माझी वाम नेणार, आणि मला ते दालचिनीच्या पावाबरोबर कळणार.

सिग्ने : तुझी कुठली? विहिरीत मी सोडली होती.

हिल्दुर : मी काल सांगणार होते. परवाही सांगणार होते. तुम्ही किनाऱ्यावरून येता तेव्हा दमलेले असता, मी तोवेला झोपवते तिथंच माझे डोळे मिटतात, आणि मग... तोवे, दाराबाहेर नाही गं. इथे बस, मला दिसशील अशी. हां, तिथे.

आल्गोत : एवढं काय जळलंय?

हिल्दुर : गेल्या सोमवारचं मी एकदाच सांगते, आजोबा. पुन्हा सांगायचं त्राण नाही माझ्यात. मी कपडे वाळत घालत होते. चादरीच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती. चादर अजून नीट पसरलीही नव्हती, तेवढ्यात टकटक ऐकू आली. पत्र्याच्या पेल्याची, दगडावर. चादर बाजूला केली तर ही विहिरीच्या कठड्यावर पालथी. पाय हवेत. डोकं आत. आणि म्हणत होती, 'पाद्रीबाबा, जेवायला या.'

आल्गोत : हं.

हिल्दुर : हे तिला कोणी शिकवलं?

आल्गोत : मी. पण माझा हात तिच्या कमरेला असतो.

हिल्दुर : तुमचा असतो. सोमवारी नव्हता.

आल्गोत : लाकडी झाकण आहे की वर.

हिल्दुर : ते कायम अर्धं सरकवलेलं असतं.

आल्गोत : त्याला उजेड नको?

सिग्ने : ऐकलंस, हिल्दुर? माशाला उजेड हवा. माझ्या खोलीतला दिवा गेलाय तो ईस्टरपासून तसाच आहे.

आल्गोत : बाबा याच अंगणात वाढले. आम्ही दोघं वाढलो. माझा योरान वाढला. कोणी पडलं नाही विहिरीत.

सिग्ने : कोंबडा पडला होता.

आल्गोत : कोंबड्याला अक्कल नव्हती.

हिल्दुर : आणि साडेतीन वर्षांच्या पोरीला असते? आजोबा, मी झोपेत पाण्याचा आवाज ऐकते. उठून बघते तर ती शेजारी घोरत असते. पुन्हा आडवी होते, पुन्हा तोच आवाज. आठवडाभर हेच चाललंय.

आल्गोत : योरानला विचारलंस?

हिल्दुर : योरान समुद्रात पवनचक्क्यांवर आहे. फोनवर म्हणतो, तुला वाटेल तसं कर. म्हणजे वाटायचं कामसुद्धा माझंच.

सिग्ने : तो बापावर गेलाय.

आल्गोत : झाकण घालायचं तर घाला. फार तर लाकडीच, पण बिजागरीचं करू, कुलूप लावू. वाम राहील तिथेच. या किनाऱ्यावर वामीशिवाय विहीर कोणी ठेवत नव्हतं. किडे खाते, अळ्या खाते, पाणी ताजं राहतं.

हिल्दुर : नळ येऊन किती वर्षं झाली?

सिग्ने : नळाच्या पाण्याची कॉफी औषधासारखी लागते.

हिल्दुर : कुलूप तुम्ही उघडं टाकाल, आजोबा. मुद्दाम नाही. पाणी काढाल, कोणीतरी हाक मारेल, जाल. म्हणून मला असं झाकण हवंय, जे उचलायला दोन माणसं आणि पहार लागेल. आणि तसं घातलं, की वामीला तिथे जिवंत ठेवता येणार नाही.

आल्गोत : मग डेन्मार्कला नेऊन काय करणार त्याचं?

हिल्दुर : तिचं.

आल्गोत : कोणाचं तिचं?

हिल्दुर : पाद्रीबाबा बाई आहे. एवढी मोठी वाम नर नसतेच. नर हातभरही होत नाहीत.

सिग्ने : अगं बाई. आणि इतकी वर्षं मी त्याला बाबा म्हणत्ये. काळा अंगरखा, पांढरा गळा, आणि जेवणाच्या वेळी बरोबर हजर. म्हटलं, पाद्रीच हा.

आल्गोत : मला माहीत होतं.

सिग्ने : तुला माहीत होतं, मग बोलला का नाहीस?

आल्गोत : बाईला पाद्री म्हणायला जीभ वळत नव्हती.

सिग्ने : आपल्या चर्चमध्ये आता बाईच आहे की. तिला काय म्हणतोस?

आल्गोत : तिला मी काही म्हणत नाही. मी मागच्या बाकावर बसतो.

हिल्दुर : तिथे तिची अंडी पिकवतात. वामी संपत चालल्यात ते तुम्हाला मी सांगायला नको. या पट्ट्यात वामी धरायचा परवाना असलेले तुम्ही आणि पेर-आर्ने, दोघंच उरलात. तुमच्यानंतर तो कोणाला मिळणार नाही. माणसाच्या हाताखाली वामीची पिल्लं वाढवता आली तर... म्हणून त्यांना मोठ्या माद्या हव्यात.

आल्गोत : वामीची गाबोळी पिकत नाही.

हिल्दुर : इथे पिकत नाही.

आल्गोत : कुठेच नाही. पोरवयापासून वामी चिरतोय मी. धुरावर धरल्या, पेंढ्यावर भाजल्या, सगळ्या गावाच्या मेजवान्यांना पुरवल्या. एकीच्याही पोटात पिकलेली गाबोळी पाहिली नाही. माझ्या बापाने नाही, त्याच्या बापाने नाही. चरबीची झालर असते नुसती. आजोबा म्हणायचे, वामी चिखलातून होतात.

हिल्दुर : आजोबांच्या आजोबांच्या काळात मोठमोठे विद्वान तेच म्हणत होते. कारण कोणाला दिसलंच नव्हतं. मेंदूच्या तळाशी एक गाठ असते, वाटाण्याहून लहान. तिच्यातून रस सुटला की अंडी पिकतात. सगळ्या माशांचं तसंच, आपलंही तसंच. पण वामीचा मेंदू त्या गाठीवर हात दाबून बसतो. ती ओढ्यात असते तोवर दाबलेला, किनाऱ्याला आली तरी दाबलेला. समुद्रात निघाली, खोल गेली, महिनोन्‌महिने काही न खाता पोहत राहिली, की कुठेतरी वाटेत तो हात सुटतो. अंडी पोहता पोहता पिकतात. निघालीच नाही, तर हात सुटत नाही.

आल्गोत : मग काय होतं?

हिल्दुर : काही नाही होत. ती तशीच राहते. वयातच येत नाही.

सिग्ने : माझ्याकडे बघू नकोस, आल्गोत.

आल्गोत : मी कुठे बघितलं?

सिग्ने : बघितलंस.

आल्गोत : मला एवढंच आठवलं की तू लुंडला नर्सिंग शिकायला जायची होतीस, त्याच शरदात ही विहिरीत सोडली.

सिग्ने : जुनी वाम मेली होती. बाबा म्हणाले, ओढ्यातून एक धरून आण. आणली. आणि आईचे पाय गेले होते, कोणीतरी राहायला हवं होतं. राहिले. यात काही गोष्ट नाही. तुम्ही दोघं मला माशाशी जोडू नका. हिल्दुर, पुढे सांग. कशा पिकवतात?

हिल्दुर : इंजेक्शनं देऊन. दर आठवड्याला. सॅमन माशाच्या डोक्यातल्या त्याच गाठीचा अर्क. मेंदू हात काढत नाही ना, मग बाहेरून रस घालायचा.

सिग्ने : किती दिवस?

हिल्दुर : चार-पाच महिने. पोट फुगतं. मग एक शेवटचं इंजेक्शन, अगदी ठरल्या वेळी. चुकली वेळ तर अंडी नासतात. मग हाताने दाबून अंडी काढतात.

आल्गोत : मग?

हिल्दुर : मग ती संपते. समुद्रातही अंडी घातली की मरतेच.

सिग्ने : मग फरक काय राहिला?

हिल्दुर : मीही स्वतःला हेच विचारलं. फोन करताना मला पक्कं वाटत होतं, फरक नाही. उलट तिचं काहीतरी सार्थक होईल. पण काल त्या माणसाने सगळं समजावून सांगितलं. टाकीला थर्मामीटर, सुईची जाडी, घड्याळ लावून शेवटचा डोस. मी ऐकत होते, आणि माझा हात आपोआप पोटावर गेला.

आल्गोत : का?

हिल्दुर : तोवे व्हावी म्हणून मीही घेतली ना इंजेक्शनं. पोटात, रोज, स्वतःच्या हाताने. त्याच जातीचं औषध. शेवटचं तर गावच्या मेजवानीत, न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून घेतलं होतं, कारण वेळ चुकवायची नव्हती. बाहेर तुम्ही सगळे गात होतात.

सिग्ने : फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे तो डबा होता.

हिल्दुर : तुम्ही पाहिला होतात?

सिग्ने : मला वाटलं मधुमेह. म्हणून तुला पाव देताना मी साखर कमी घालत होत्ये.

हिल्दुर : तो पाव... मला वाटलं मी तुम्हाला आवडत नाही.

सिग्ने : आवडत नव्हतीसच तेव्हा. पण पावाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

हिल्दुर : माझं मला हवं होतं, आत्या. मी हो म्हटलं होतं. तिला कोण विचारणार? पण झाकण तर घालायलाच हवं, आणि दुसरा रस्ता मला सुचत नाहीये. मी फार दमलेय. तोवे, ते लाकडी बूट आजोबांचे आहेत, काढ पायातून. पडशील.

सिग्ने : तिला सुया लागणार नाहीत.

हिल्दुर : कोणाला?

सिग्ने : पाद्रिणीला. जूनपासून काही खाल्लेलं नाही तिने. यकृताचा तुकडा टाकला, तर वर आली, बघितलं, खाली गेली. आता पेला वाजवला तरी येत नाही. पोट रुप्यासारखं झालंय. आणि फिरत्ये. भिंतीला लागून, गोल गोल, थांबतच नाही.

आल्गोत : अंधारात राहून डोळे मोठे होतात, त्याला तू...

सिग्ने : डोळ्यांचं बोलत नाही मी. शरदात तुझ्या जाळ्यात येतात त्या कशा असतात? पाठ काळी, पोट पांढरं, आतडं मिटलेलं. तशी. मी मासे साफ करत म्हातारी झाल्ये, मला कळतं. आणि हे पहिल्यांदा नाही. दर काही वर्षांनी होतं तिचं. आई गेली त्या वर्षी झालं. योरानच्या लग्नाच्या वर्षी झालं. शरदात अशी रुपेरी होते, फिरत राहते. नाताळच्या सुमारास दमते. मग हळूहळू परत पिवळी पडते, आणि एक दिवस यकृत खाते.

हिल्दुर : म्हणजे ती निघायला तयार होते. आणि मग परत उतरते.

सिग्ने : असं होतं का?

हिल्दुर : होतं. अडवून ठेवलेल्या वामींचं होतं असं. पण इतक्या वेळा... तुम्ही कोणाला बोलला नाहीत?

सिग्ने : काय बोलायचं? ती परत खायला लागली की मला हायसं वाटायचं.

आल्गोत : डेन्मार्कवाल्याला फोन कर. म्हणावं, येऊ नको.

हिल्दुर : आणि गुरुवारचा झाकणवाला?

आल्गोत : झाकणाचं बघू.

हिल्दुर : बघू नाही, आजोबा.

आल्गोत : आधी तिला समुद्रात सोडू. मग बघू.

हिल्दुर : ती पोहोचेल की नाही मी सांगू शकत नाही. म्हातारी आहे, वाट फार लांबची आहे, चरबी पुरेल का...

आल्गोत : मी कुठे म्हटलं पोहोचेल?

०

सिग्ने : तू नाही उतरायचंस विहिरीत. तुझा गुडघा चर्चच्या तीन पायऱ्यांना कुरकुरतो.

आल्गोत : मग कोण, तू?

हिल्दुर : मी उतरते. पाणी किती राहिलंय?

आल्गोत : सकाळपासून पंप चालू आहे. आता तुझ्या कमरेला लागेल. हिल्दुर, मी पेर-आर्नेला बोलावतो. तू नको.

हिल्दुर : पेर-आर्ने या शिडीवर मावणार नाही. दोर बांधा माझ्या कमरेला. दोन गाठी. आत्या, तोवेला धरा. हात नको, मनगट धरा. हात ती सोडवून घेते.

सिग्ने : धरलंय.

हिल्दुर : दोन्ही.

सिग्ने : अगं, दोन्ही धरल्येत. ती मला विचारत्ये, आई पाद्रीबाबाकडे जेवायला चालली का?

हिल्दुर : सांगा, लगेच येते. आजोबा, गोणतं द्या. हे तोंडाला कडं कशाला?

आल्गोत : तोंड उघडं राहावं म्हणून. तिला पकडायला जाऊ नकोस, हातातून निसटेल आणि तू पडशील. गोणतं पाण्यात तिच्या वाटेवर धर आणि गप उभी राहा. वामीला काळोखं भोक दिसलं की ती आत शिरते. म्हणून तर आमचं पोट चाललं.

हिल्दुर : उतरतेय. बोलत राहा तुम्ही. कोणीतरी बोलत राहा.

आल्गोत : काय बोलू?

सिग्ने : तुला काय बोलायचं असतं कधी. हिल्दुर, चौथी पायरी कच्ची आहे, तिच्यावर भार टाकू नकोस. तुझ्या सासऱ्याने ती बसवली आहे.

हिल्दुर : कळलं. बापरे, किती थंड आहे. पोहोचले. पाय टेकले. चिखल आहे खाली.

आल्गोत : दिसते का?

हिल्दुर : अजून नाही. विजेरी... हां. आजोबा, इथे भिंतीवर एक पट्टा आहे.

आल्गोत : कसला पट्टा?

हिल्दुर : सगळीकडे शेवाळ आहे, हिरवं, जाड. आणि मध्ये वीतभर पट्टा आहे, त्यावर काहीच नाही. सगळ्या विहिरीभर, गोल. दगड गुळगुळीत झालेत. काचेसारखे.

सिग्ने : मी सांगितलं ना, फिरत्ये.

हिल्दुर : हात फिरवला तर एक कंगोरा लागत नाही, आत्या.

आल्गोत : पायाशी बघ. पंपाच्या आवाजाने तळाला बसली असेल.

हिल्दुर : बघते. इथे एक पेला आहे. चमचा. आणि...

आल्गोत : आणि काय?

हिल्दुर : बूट आहे.

आल्गोत : कोंबड्याचा म्हणू नको म्हणजे झालं.

हिल्दुर : लाल आहे. लहान. उजव्या पायाचा. बुटाच्या पट्ट्यावर मी पेनाने नाव लिहिलं होतं, ते अजून वाचता येतंय.

सिग्ने : तो तर किनाऱ्यावर हरवला होता. जुलैत. वाळू उपसून उपसून माझी कंबर मोडली.

हिल्दुर : आपण म्हटलं, किनाऱ्यावर हरवला. दुसरा काही विचार आला नाही कोणाच्या मनात. माझ्याही नाही.

आल्गोत : जुलैत?

हिल्दुर : जुलैत, आजोबा. तेव्हा मी घरात होते, तुम्ही घरात होतात, आत्या घरात होत्या. ती वर आली, ओणवी झाली, बूट पडला, आणि ती परत गेली. एक पाय अनवाणी. आणि आपण तिला रागावलो, बूट सांभाळता येत नाही म्हणून.

आल्गोत : वर ये.

हिल्दुर : थांबा, आधी ही...

आल्गोत : वर ये म्हणतो. वामीचं राहू दे. मरू दे तिला. शिडी धर आणि वर ये.

हिल्दुर : नाही. पुन्हा मी इथे उतरणार नाही, म्हणून आत्ताच. दोर ओढू नका. सैल सोडा. ती दिसली मला.

सिग्ने : कशी आहे?

हिल्दुर : मोठी. माझ्या दंडाएवढी जाड. पोट पांढरंशुभ्र. थांबली आहे, माझ्याकडे बघतेय असं वाटतंय. गोणतं पाण्यात धरलंय मी. आता बोलू नका कोणी.

सिग्ने : शू, तोवे.

हिल्दुर : गेली. आत गेली. आपणहून. काही करावं लागलं नाही. ओढा, आजोबा. आधी गोणतं, मग मी.

आल्गोत : आधी तू.

०

सिग्ने : टबात मावत नाहीये. शेपूट वळवून घेतलीये बघ कशी. इतकी वर्षं मी तिचं फक्त डोकं बघत आल्ये.

हिल्दुर : तोवे, हात मागे. नुसतं बघायचं. हो, ती ओली आहे. नाही, रडत नाहीये.

आल्गोत : त्या झाकणवाल्याचा नंबर दे.

हिल्दुर : गुरुवारी येतोय तो.

आल्गोत : गुरुवार कशाला? उद्याच बोलवतो. आणि आज ते लाकडी झाकण पूर्ण लावतो, वर होडीचा नांगर ठेवतो.

हिल्दुर : आजोबा.

आल्गोत : काय?

हिल्दुर : काही नाही. तो बूट तुमच्या हातात आहे. द्या इकडे, वाळत ठेवते.

आल्गोत : राहू दे थोडा वेळ.

०

सिग्ने : कशी झाल्ये कॉफी?

आल्गोत : नळाची.

सिग्ने : सवय होईल. तो झाकणवाला दूध घेतो का विचार. इतका लांबून आलाय, बिचारा सकाळपासून राबतोय.

आल्गोत : हिल्दुर उठली नाही अजून?

सिग्ने : झोपू दे. ट्रक आला, दणादण आवाज झाला, तरी कूस बदलली नाही तिने. आता सांग. तिन्हीसांजेला गेलास होडी घेऊन. काय झालं?

आल्गोत : काय व्हायचंय? जाळ्याच्या पलीकडे नेली. गोणतं पाण्यात टाकून तोंड उघडलं.

सिग्ने : मग?

आल्गोत : बराच वेळ आली नाही बाहेर. म्हटलं, मेली. मग डोकं आलं. थांबली. मग गेली.

सिग्ने : कुठल्या बाजूला?

आल्गोत : दक्षिणेला.

सिग्ने : तिला कोणी सांगितलं, दक्षिणेला जायचं म्हणून?

आल्गोत : कोणी नाही.

सिग्ने : हं. आणि खाली पेर-आर्नेची जाळी आहेत त्याचं?

आल्गोत : फोन केला त्याला. म्हटलं, एक मोठी येईल, डाव्या कल्ल्यामागे पांढरा डाग आहे. ती आमच्या घरची आहे.

सिग्ने : हसला असेल.

आल्गोत : नाही हसला. म्हणाला, सकाळी जाळं मी स्वतः उचलेन, पोराला नाही पाठवणार.

सिग्ने : आणि तुझं जाळं?

आल्गोत : काढून ठेवलं.

सिग्ने : काढून ठेवलं? अजून हंगाम आहे की.

आल्गोत : आहे. खांदे दुखतात.

सिग्ने : खांदे.

हिल्दुर : किती वाजले? तोवे कुठाय? तोवे...

सिग्ने : माझ्या मांडीवर आहे. मनगट धरलंय. बस. कॉफी घे, वाईट आहे.

हिल्दुर : इतकी कशी झोपले मी. काही ऐकूच आलं नाही. झाकण... झालं?

आल्गोत : बसवलं. मी वर उभा राहून पाहिलं. नाचून पाहिलं म्हणालीस तरी चालेल.

सिग्ने : नाचला नाही. पण दोनदा पाय आपटला.

हिल्दुर : ती गेली?

आल्गोत : गेली.

हिल्दुर : डेन्मार्कवाला फोनवर चिडला नाही. फक्त म्हणाला, गेली तर आपल्याला कधीच कळणार नाही, पिकली की नाही ते.

आल्गोत : नाही कळणार.

हिल्दुर : मला तेच बरं वाटलं.

सिग्ने : हिल्दुर, शनिवारी तू आईकडे जाणार आहेस ना, लुंडला?

हिल्दुर : हो. काही आणायचंय का तिकडून?

सिग्ने : गाडीत जागा आहे का विचारत्ये.

हिल्दुर : आहे की. मागे, तोवेच्या शेजारी. काही काम आहे तुमचं?

सिग्ने : काम काही नाही.

आल्गोत : आणि माझं जेवण?

सिग्ने : बटाटे तळघरात आहेत, आल्गोत.